साथ साऱ्यांची, दुखणे एकट्याचे

साथीच्या रोगाविषयी माणसाने आजवर विचारलेले प्रश्न दोन प्रकारांत मोडतात. रोग कोठून आला, कसा पसरतो आणि कशाने आवरतो, हा पहिला प्रकार असून त्याची उत्तरे शोधणे हे वैद्यकाचे काम आहे, याविषयी आता फारसे दुमत उरलेले नाही. दुसरा प्रश्न मात्र रुग्णाच्या उशाशी बसलेल्या माणसाचा असतो: एकाच घरात राहणाऱ्या, एकाच चुलीवरचे खाणाऱ्या चौघांपैकी तिघे चार दिवसांच्या तापावर सुटले आणि चौथा गेला, तर तो चौथा हाच का? या प्रश्नाला वैद्यकाने दीर्घकाळ उत्तर दिले नाही आणि ती रिकामी जागा धर्मविचाराने, विशेषतः कर्मसिद्धान्ताने, व्यापली. गेल्या तीसेक वर्षांत, आणि कोविडच्या साथीपासून अधिक वेगाने, वैद्यकीय संशोधन नेमके याच प्रश्नाकडे वळले आहे. त्यामुळे एका जुन्या तात्त्विक वादाची नव्याने मांडणी करणे भाग पडते: एखाद्याच आजाऱ्याच्या वाट्याला मरण का आले याचे शारीरिक कारण हाती लागू लागले, तर त्याच्या पूर्वकर्माविषयी बोलण्याचा अधिकार कोणाला आणि कितपत उरतो?

भारतीय वैद्यकात साथीचा विचार मुळात उलट्या टोकापासून सुरू झाला, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा अध्याय 'जनपदोद्ध्वंस', म्हणजे सबंध प्रदेशाचा एकदम होणारा नाश, या विषयाला वाहिलेला आहे. पांचाल देशातील काम्पिल्य नगरीजवळ, उन्हाळ्याच्या अखेरच्या महिन्यात, गंगाकाठच्या वनात फिरत असताना पुनर्वसू आत्रेय आपल्या शिष्याला, अग्निवेशाला, ऋतूंची आणि ग्रहनक्षत्रांची बिघडलेली लक्षणे दाखवतात आणि जमिनीचा रस उतरण्याआधीच औषधी वनस्पती काढून ठेवायला सांगतात, कारण साथ आल्यावर त्या वनस्पतींत गुण उरणार नाही. त्यावर अग्निवेशाने विचारलेला प्रश्न फार नेमका आहे: ज्यांची प्रकृती, आहार, देह, बळ, सात्म्य (म्हणजे सवयीने अंगी मानवलेले अन्न आणि वर्तन), मन आणि वय ही सारी वेगवेगळी, ती माणसे एकाच वेळी एकाच रोगाने कशी मरतात? प्रत्येक रुग्णाच्या प्रकृतिभेदावर उभ्या असलेल्या वैद्यकाला साथ हे कोडेच होते, आणि आत्रेयांनी ते असे सोडवले की माणसे भिन्न असली तरी वायू, उदक, देश आणि काल हे चार घटक सर्वांना सामायिक असतात आणि ते बिघडले की सारे एकदम आजारी पडतात.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चर आणि कॉख यांनी या सामायिक कारणाला सूक्ष्मजंतूचे रूप दिले आणि अग्निवेशाचे कोडे सुटले, पण ते सुटताच त्याची उलट बाजू समोर आली. जंतू हेच जर कारण असेल, तर तोच जंतू अंगात शिरूनही बहुतेक लोक ठणठणीत कसे राहतात? प्रलापक सन्निपात ज्वराचा, म्हणजे टायफसचा, अभ्यास करणाऱ्या शार्ल निकोल या फ्रेंच संशोधकाने ट्युनिसमध्ये दाखवून दिले की संसर्ग होऊनही एकही लक्षण न दिसणे ही खरीखुरी स्थिती आहे. त्याच सुमारास जर्मनीतील ल्यूबेक शहरात जे घडले, त्याने हा प्रश्न कागदावरून उचलून पाळण्यांपर्यंत आणला. १९२९-३० च्या हिवाळ्यात तेथे २५१ नवजात बालकांना क्षयाविरुद्धची बीसीजी लस तोंडावाटे देण्यात आली. प्रयोगशाळेतील हलगर्जीपणामुळे त्या लशीत क्षयाचे जिवंत, जहाल जंतू मिसळलेले होते. सत्तरहून अधिक बालके दगावली, पुष्कळशी आजारी पडून सावरली आणि काहींना जवळजवळ काहीच झाले नाही. भेसळीचे प्रमाण प्रत्येक मात्रेत सारखे नव्हते, हे खरे. परंतु मात्रेतील फरक जमेस धरूनही बालकाबालकांच्या प्रतिकारात मोठी तफावत उरते. त्या तान्ह्या मुलांनी काही खाल्लेले नव्हते, कोणती चैन केलेली नव्हती, कोणाला दुखावलेले नव्हते. वर्तनाचा एकही धागा जिथे सापडत नाही, तिथे त्यांच्यातील फरक कशात शोधायचा?

या प्रश्नाचे पहिले ठोस उत्तर मिळायला १९९६ साल उजाडावे लागले. बीसीजीची चांगली, निर्भेळ लस कोट्यवधी मुलांना काहीही अपाय करीत नाही, परंतु फार क्वचित एखाद्या मुलाच्या अंगभर तीच लस पसरते आणि त्याचा जीव घेते. अशा काही मुलांच्या पेशींवर 'इंटरफेरॉन-गॅमा' या संरक्षक प्रथिनाचा निरोप स्वीकारणारी जागा, म्हणजे ग्राही, जन्मतःच सदोष असते आणि तो दोष एकाच जनुकातील बिघाडामुळे येतो, असे त्या वर्षी दोन स्वतंत्र गटांनी सिद्ध केले. त्यांपैकी एक गट पॅरिसमधील ज्याँ-लोराँ कासानोव्हा यांचा होता. पुढे याच गटाने हाती घेतलेले दुसरे उदाहरण अधिकच विचार करायला लावणारे आहे. हर्पीस सिम्प्लेक्स हा विषाणू जगातील बहुतांश प्रौढांच्या शरीरात असतो आणि फार तर ओठावर फोड आणतो. पण क्वचित एखाद्या मुलाच्या मेंदूत शिरून तो मेंदूज्वर घडवतो, आणि औषध न मिळाल्यास असे दहांतील सुमारे सात रुग्ण दगावतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात अशा काही मुलांमध्ये 'टीएलआर३' या जनुकात दोष आढळला. हे जनुक विषाणूची चाहूल लागताच पेशीला सावध करते. विशेष असे की ही मुले एरवी धडधाकट असतात, बाकीचे सारे संसर्ग ती सहज परतवतात, आणि उणीव असते ती मेंदूच्या पेशींना एका विशिष्ट विषाणूपासून वाचवणाऱ्या एका कडीत. तो विषाणू कधीच भेटला नसता, तर ती उणीव आयुष्यभर कोणालाच, त्या मुलांनाही, कळली नसती.

कोविडच्या साथीने ही दृष्टी दुर्मीळ आजारांतून बाहेर काढून घराघरांत आणली. सप्टेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात प्राण कंठाशी आलेल्या ९८७ रुग्णांचे रक्त तपासले गेले, तेव्हा त्यांतील १०१ जणांच्या रक्तात स्वप्रतिपिंडे सापडली. प्रतिपिंड म्हणजे बाहेरच्या शत्रूला पकडण्यासाठी शरीराने घडवलेले प्रथिन. स्वप्रतिपिंड म्हणजे चुकीने आपल्याच शरीरातील घटकावर चालून जाणारे प्रतिपिंड. या रुग्णांची स्वप्रतिपिंडे 'टाइप-१ इंटरफेरॉन' निकामी करीत होती, म्हणजे विषाणूविरुद्धची पहिली हाकच दाबून टाकीत होती. सौम्य किंवा लक्षणविरहित संसर्ग झालेल्या ६६३ जणांत अशी एकही व्यक्ती नव्हती, आणि त्या १०१ जणांत ९५ पुरुष होते. वाढत्या वयाबरोबर, विशेषतः सत्तरीनंतर, अशी प्रतिपिंडे अधिक लोकांत आढळतात, हेही पुढे दिसून आले. वयोवृद्ध पुरुष अधिक संख्येने का दगावले, याच्या उत्तराचा निदान एक तुकडा असा रक्ताच्या थेंबात मिळाला.

या संशोधनाची तात्त्विक घडण कोणाला परकी वाटण्याचे कारण नाही, कारण तिचा साचा वेदान्ताने फार पूर्वी तयार करून ठेवला आहे. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातील पहिल्या पादात असा आक्षेप येतो की जग ईश्वराने निर्माण केले असेल, तर कोणी सुखी, कोणी दुःखी असे दिसत असल्यामुळे त्याच्यावर वैषम्य, म्हणजे पक्षपात, आणि नैर्घृण्य, म्हणजे निर्दयपणा, हे दोन दोष येतात. सूत्रकारांचे उत्तर असे की ईश्वर प्राण्यांच्या कर्माच्या अपेक्षेने सृष्टी करतो, म्हणून हे दोष त्याला लागत नाहीत. त्यावरील भाष्यात शंकराचार्य पर्जन्याचा दृष्टान्त देतात: भात आणि जव यांच्या उगवण्याला पाऊस हे साधारण कारण आहे, पण भात भातच का होतो आणि जव जवच का, याला ज्या त्या बीजातील सामर्थ्य हे असाधारण कारण आहे. आजच्या भाषेत सांगायचे तर जंतू हा पर्जन्य आणि रुग्णाच्या देहाची जडणघडण हे बीज. साधारण आणि असाधारण कारणांची ही फोड इतकी नेटकी आहे की रोगप्रतिकारशास्त्राच्या पाठ्यपुस्तकानेही ती जशीच्या तशी घ्यावी.

परंतु या युक्तिवादाचा रोख कोणाकडे आहे, हे नीट पाहिले पाहिजे. सूत्रकार आणि भाष्यकार ईश्वराची बाजू मांडत आहेत. आरोपी म्हणून उभा आहे तो ईश्वर आणि त्याला निर्दोष ठरवण्यासाठी कर्माचा आधार घेतला गेला आहे. दुःख भोगणाऱ्या एखाद्या विशिष्ट माणसाकडे बोट दाखवून त्याच्या पापाचा पंचनामा करणे हे त्या सूत्राचे प्रयोजन नाही. विश्वाच्या रचनेविषयीचा सिद्धान्त शेजारच्या घरातील आजाऱ्याविषयीचा निवाडा कधी आणि कसा बनला, याचा इतिहास मोठा आहे, पण तो निवाडा मूळ युक्तिवादातून तर्काने निघत नाही. कर्म अनादि मानले, म्हणजे त्याला आरंभच नाही असे धरले (आणि पुढच्याच सूत्रात तसे धरलेले आहे), की कोणत्या कर्माचे हे कोणते फळ, हे सांगण्याची वाट माणसापुरती बंदच होते.

बौद्ध परंपरेने याबाबत आणखी स्पष्ट भूमिका घेतली. संयुत्तनिकायात सीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना विचारतो की माणूस जे काही सुखदुःख भोगतो ते सारे पूर्वकृत कर्मामुळेच, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, त्याविषयी आपले मत काय? बुद्ध उत्तरादाखल वेदनेची आठ कारणे मोजतात: पित्त, कफ, वात, तिन्हींचा संनिपात, ऋतूतील बदल, देहाची विषम निगा, बाहेरून झालेला आघात आणि शेवटी कर्मविपाक. कर्म आठांपैकी एक आहे, ते नाकारलेले नाही; परंतु सारे काही कर्मामुळेच, असे म्हणणारे लोक स्वतःला जे अनुभवाने कळते आणि जगात जे सत्य म्हणून मान्य आहे, त्या दोहोंच्या पलीकडे धाव घेतात, असे ते बजावतात. कारणांची गणना करताना वैद्यकाला आधी जागा देण्याचा हा संयम पुढच्या अनेक धर्मोपदेशकांना जमला नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

आता कर्मसिद्धान्ताचा कसलेला समर्थक असे म्हणू शकेल की जनुकातील दोष हेच तर पूर्वकर्माचे फळ. विज्ञानाने कर्म खोटे पाडले नाही, कर्म कोणत्या वाटेने फळते ती वाट तेवढी दाखवली. हा युक्तिवाद प्रयोगशाळेत खोडता येत नाही, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण ज्या विधानाला मूल जगले तरी बाधा येत नाही आणि गेले तरी येत नाही, ते विधान त्या मुलाविषयी किंवा त्याच्या आईविषयी काहीच सांगत नाही. हर्पीसच्या मेंदूज्वरात असायक्लोव्हिर हे औषध वेळेवर शिरेतून दिले तर बहुतेक रुग्ण वाचतात. औषध निघण्यापूर्वी मेलेल्यांचे कर्म वाईट आणि नंतर वाचलेल्यांचे चांगले, असे कोणी म्हणत नाही आणि म्हणूही नये. चरकाने हीच अडचण त्याच तिसऱ्या अध्यायात हाताळली आहे. आयुष्य नियत, म्हणजे आधीच ठरलेले, असते की अनियत, या अग्निवेशाच्या शंकेवर आत्रेय दैव (मागील देहात केलेले कर्म) आणि पुरुषकार (या देहात केलेला प्रयत्न) असे दोन भाग पाडतात, बलवान प्रयत्नाने दुबळे दैव हटते असे सांगतात आणि सर्वांचे आयुष्य ठरलेलेच असते तर औषधोपचाराला अर्थच उरला नसता, असा रोखठोक मुद्दा मांडतात. दैव बलवान होते की दुबळे, हे उपचार करून पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणजे आधी हाती असतो तो प्रयत्नच.

त्याच अध्यायात एक अवघड जागाही आहे आणि ती झाकून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ज्यांचे मरण सामायिक नाही आणि ज्यांचे कर्मही सामायिक नाही, त्यांच्यासाठी पंचकर्म हे श्रेष्ठ औषध, असे तेथे सांगितले आहे; याचा अर्थ ज्यांचे कर्म सामायिक आहे त्यांना औषधाचा उपयोग नाही, असा कोणी लावील. मात्र वायू आणि उदक बिघडण्याचे मूळ म्हणून तेथे जो अधर्म सांगितला आहे, तो आधी कोणाचा? देश, नगर, निगम आणि जनपद यांच्या प्रमुखांचा. ते धर्म सोडून प्रजेशी वागतात, त्यांच्या आश्रयाने राहणारे तो अधर्म वाढवतात, मग ऋतू बिघडतात आणि प्रजा मरते, असा तो क्रम आहे. अधर्माची ही कल्पना एकेका रुग्णाच्या पापपुण्याच्या खात्याहून पुष्कळ मोठी आहे आणि आजच्या कानांनाही ती ओळखीची वाटते. जुलै २०२० मध्ये मुंबईतील तीन प्रभागांत रक्तातील प्रतिपिंडांची पाहणी झाली, तेव्हा झोपडपट्टीतील सुमारे ५७ टक्के आणि इमारतींतील सुमारे १६ टक्के लोकांना कोविडचा संसर्ग होऊन गेल्याचे आढळले. एका शहरात, एकाच विषाणूच्या बाबतीत पडलेला हा साडेतीनपट फरक जनुकांचा नाही. दहा बाय दहाच्या खोलीत झोपणारी सहा-सात माणसे, बोळाइतकी अरुंद गल्ली आणि वस्तीभर वापरला जाणारा सार्वजनिक संडास यांचा तो फरक आहे. देश बिघडतो म्हणजे काय, याचे याहून उघड उदाहरण शोधायला लागू नये.

म्हणूनच नव्या संशोधनाचा गैरवापर होण्याचा धोकाही येथेच सांगितला पाहिजे, कारण पूर्वकर्माची जागा जनुकाने घेतली आणि निवाडा तोच राहिला, तर काहीच साधले नाही. २०२० साली ह्यूगो झेबर्ग आणि स्वान्ते पेबो यांनी असे दाखवले की तिसऱ्या गुणसूत्रावरील, गंभीर कोविडचा धोका वाढवणारा एक जनुकखंड निअँडरथल या लुप्त मानवप्रजातीकडून आलेला आहे. तो दक्षिण आशियातील जवळपास निम्म्या लोकांत आणि युरोपातील सुमारे १६ टक्के लोकांत आढळतो. या बातमीने आपल्याकडे अनेकांना ललाटरेषा वाचल्यासारखे वाटले. प्रत्यक्षात पुढच्याच वर्षी भारतीय संशोधकांनी दक्षिण आशियातील लोकसमूहांची माहिती ताडून पाहिली, तेव्हा त्या खंडाच्या प्रमाणाचा तेथील मृत्यूंच्या प्रमाणाशी मेळ बसला नाही. शिवाय एचआयव्हीच्या संसर्गाचा धोका तोच खंड काहीसा कमी करतो, असे झेबर्ग यांनीच नंतर मांडले. गडचिरोली आणि नंदुरबारच्या आदिवासी कुटुंबांना परिचित असलेल्या सिकलसेलचीही गत अशीच आहे: त्या जनुकाची एक प्रत अंगात असेल तर ती जहाल हिवतापापासून बचाव करते, दोन प्रती असतील तर जन्मभराचे दुखणे देते. बीजाचे सामर्थ्य चांगले की वाईट, हे बीज एकटे ठरवत नाही. कोणता पाऊस पडतो आणि कोणत्या जमिनीवर, यावर ते ठरते. तेव्हा जनुकाला पाप म्हणणे जितके निरर्थक, तितकेच त्याला अटळ प्रारब्ध म्हणणेही निरर्थक आहे.

महाराष्ट्राला या साऱ्याचा विचार करताना १० मार्च १८९७ हा दिवस विसरता येत नाही. पुण्यातील प्लेगच्या साथीत रुग्णांची शुश्रूषा करताना स्वतः प्लेगची बाधा होऊन सावित्रीबाई फुले त्या दिवशी गेल्या. आजाराला कर्माचे फळ मानणाऱ्या निवाड्याला त्यांच्या मरणापुढे दोनच वाटा उरतात: एक तर त्यांच्या माथी अज्ञात पाप मारायचे, नाहीतर हा निवाडा या ठिकाणी लागू नाही असे कबूल करायचे. आणि जो निवाडा थोरांच्या बाबतीत मागे घ्यावा लागतो, तो त्याच साथीत गेलेल्या, नावही न उरलेल्या हजारोंच्या बाबतीत लावण्याचा हक्क कोणत्या आधारावर मागायचा? रुग्णाने स्वतः 'हे माझे भोग' म्हणून मन घट्ट करणे वेगळे; तो त्याचा आधार आहे आणि तो काढून घेण्याचे कोणाला कारण नाही. तेच वाक्य दुसऱ्याने त्याच्याविषयी उच्चारले की त्याचा आरोप होतो, आणि या आरोपाला पुरावा ना शास्त्रग्रंथांत सापडतो ना सूक्ष्मदर्शकाखाली.

त्या आरोपाची किंमत अगदी व्यवहारात मोजावी लागते. भारतात बीसीजी जन्मानंतर लगेच, शक्यतो पहिल्याच दिवसांत, दिली जाते आणि क्षयाचे देशातील प्रमाण पाहता ती तशी दिलीच पाहिजे. परंतु ज्या मोजक्या बालकांची प्रतिकारयंत्रणा जन्मतःच अपुरी असते, त्यांना तीच लस घातक ठरू शकते. जन्मल्या जन्मल्या प्रत्येक बालकाची जनुकीय तपासणी करण्याची सोय आपल्याकडे सर्वत्र नाही, म्हणून डॉक्टरांच्या हाती उरते ते कुटुंबाचा पूर्वेतिहास विचारणे: आईवडील नात्यातले आहेत का, याआधी घरात एखादे तान्हे मूल तापाने किंवा न भरणाऱ्या जखमेने गेले आहे का? या प्रश्नांची खरी उत्तरे मिळाली, तर लस काही काळ थांबवून आधी तपासणी करता येते. पण जिथे पहिल्या बाळाचे जाणे सुनेच्या पायगुणाला किंवा घराण्याच्या पापाला चिकटवले गेलेले असते, तिथे ती गोष्ट दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी कोणी तोंडातून काढत नाही, नोंदपत्रावर 'काही नाही' एवढेच लिहिले जाते आणि दुसऱ्या बाळालाही ठरल्या दिवशी लस टोचली जाते.